मेकफाईल सोडून रेककडे आलो, पण दर वेळी अख्खं मॅन्युअल नव्याने बनतंय

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमचं एक तांत्रिक मॅन्युअल आहे. तीसेक प्रकरणं मार्कडाऊनमध्ये, आकृत्या ग्राफव्हिझच्या डॉट फाइल्समध्ये, आणि प्रकरणांचा क्रम एका यॅमल फाईलमध्ये. पॅनडॉक हे फॉरमॅट बदलणारं टूल वापरून यातून एचटीएमएल, ईपब आणि लाटेकमार्गे पीडीएफ काढायचं असतं. आजवर हे मेकफाईलवर (मेक या बिल्ड टूलची सूचनांची फाईल; मेक बदल झालेलं तेवढंच पुन्हा बनवतं) चाललं होतं, पण लेखक मंडळी फाईलच्या नावात बिनदिक्कत स्पेस टाकतात आणि मेक त्या एका नावाच्या दोन फाइल्स समजून बसतं. यॅमल वाचायला ऑक आणि सेड या मजकूर हाताळणाऱ्या कमांडची जी काही वीण घातली होती, ती लिहिणारा टीम सोडून गेला. शेलचं व्हेरिएबल वापरायचं तर डॉलरला डॉलर लावा, रेसिपीची (फाईल बनवायच्या कमांडची) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते ते लक्षात ठेवा, वगैरे वगैरे.

रुबी मला बऱ्यापैकी येतं, म्हणून सगळं रेकवर, म्हणजे रुबीतल्या मेकसारख्या टूलवर, आणलं. रेकफाईल छान वाचता येते आहे, यॅमल दोन ओळींत वाचून होतं. पण तीन गोष्टी खटकतात.

पहिली, काहीही न बदलता पुन्हा रेक चालवलं तरी सगळी प्रकरणं, सगळ्या आकृत्या परत बनतात. मेकमध्ये असं होत नव्हतं. दुसरी, टास्कची नुसती यादी बघायला रेक -टी म्हटलं तरी बराच वेळ काही दिसतच नाही. तिसरी सगळ्यात विचित्र: बिल्ड फोल्डर पुसून पहिल्यांदा चालवलं की ईपबमध्ये आकृत्या नसतात, लगेच दुसऱ्यांदा चालवलं की असतात.

रचना थोडक्यात अशी: 'तयारी' नावाचा एक टास्क आहे. तो बिल्ड फोल्डर करतो आणि पॅनडॉक इन्स्टॉल आहे का ते तपासतो. प्रत्येक फाईल टास्क त्याच्यावर अवलंबून आहे. रेकफाईलच्या वरच्या भागात सगळ्या प्रकरणांवर पॅनडॉक चालवून शब्दसंख्या काढली आहे, ती मुखपृष्ठावर छापायची असते. आकृत्यांची यादी बिल्ड फोल्डरमधल्या एसव्हीजी (डॉटपासून बनलेल्या चित्रांच्या) फाइल्सचं ग्लॉब करून, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून डिस्कवर शोधून, घेतली आहे.

ऑफिसात एकजण म्हणतो एसकॉन्स हे दुसरं बिल्ड टूल वापर, दुसरा म्हणतो साधी रुबी स्क्रिप्ट लिही, बिल्ड टूल हवंच कशाला. रेक ही निवडच चुकली आहे का?

---

एकओळी

साधी स्क्रिप्ट लिहा. तीस प्रकरणांसाठी डिपेंडन्सी ग्राफ (कोण कोणावर अवलंबून याचा नकाशा) म्हणजे हौस आहे.

---

जुनी_टर्मिनल

फोनवरून लिहितेय, त्यामुळे कोड शब्दांतच सांगते. रेकची निवड ठीक आहे. तीन वेगळे प्रश्न दिसत असले तरी दुसरा आणि तिसरा मुळात एकाच जागचे आहेत, पण ते सांगण्याआधी पहिला सोडवू, कारण तो पाच मिनिटांचा आहे.

तुमचा गुन्हेगार 'तयारी'. रेकमध्ये दोन जातीचे टास्क आहेत. फाईल टास्कला स्वतःचा टाइमस्टॅम्प असतो, तो म्हणजे त्या फाईलची बदलल्याची वेळ. साध्या टास्कमागे फाईलच नसते, मग वेळ कुठून आणणार? रेक अशा वेळी सरळ आत्ताची वेळ देतं. आता ईपबची फाईल 'तयारी'वर अवलंबून आहे म्हटल्यावर रेक विचारतं, तयारी ईपबपेक्षा नवी आहे का? ती कायमच नवी असणार, कारण ती 'आत्ता'ची आहे. म्हणून ईपब पुन्हा बनतं, आणि बाकी सगळंही. मेकमध्ये फोनी टार्गेटवर (ज्यामागे फाईल नसते अशावर) खरी फाईल अवलंबून ठेवली की हेच होतं. तुमच्या जुन्या मेकफाईलमध्ये बहुधा फोल्डर पाइपच्या (|) उजवीकडे लिहिलेलं असेल, ऑर्डर-ओन्ली म्हणून, म्हणजे आधी बनायला हवं पण त्याची वेळ बघायची नाही. म्हणून तिथे त्रास नव्हता.

खात्री करायची असेल तर रेक --ट्रेस चालवा. प्रत्येक टास्कपुढे इन्व्होक आणि एक्झिक्यूट अशा ओळी दिसतील, आणि ज्याची गरज नव्हती त्याच्यापुढे नॉट नीडेड. बिल्ड एकदा पूर्ण झाल्यावर लगेच परत चालवून ज्या फाईलपुढे एक्झिक्यूट दिसेल तिची चौकशी सुरू करायची. कोण कोणावर अवलंबून आहे ते मोठ्या पीने, म्हणजे रेक -पीने, छापून मिळतं. मी कोणाचीही अनोळखी रेकफाईल हातात आली की आधी हे छापून घेते, फाईल मग वाचते.

उपाय: 'तयारी'ची दोन कामं तोडा. फोल्डरसाठी रेकमध्ये डिरेक्टरी हे वेगळं साधन आहे. त्याचा टाइमस्टॅम्प मुद्दाम अतिप्राचीन धरलेला असतो, त्यामुळे फोल्डर नसेल तर बनतं, पण असलं तर त्याच्यामुळे कोणी शिळं ठरत नाही. फोल्डरला साध्या फाईल टास्कसारखं वागवू नका. फोल्डरमध्ये नवी फाईल पडली की फोल्डरची स्वतःची वेळ बदलते, आणि मग प्रत्येक एसव्हीजी आपल्या शेजारच्या एसव्हीजीमुळे शिळी होते. पॅनडॉक आहे की नाही ही तपासणी मी तर काढूनच टाकेन. नसेल तर कमांड पहिल्याच प्रकरणाला मरेल आणि रेक तिथेच थांबेल, कारण रेकचं एसएच (बाहेरची कमांड चालवणारी मेथड) अपयशी कमांड गपचूप गिळत नाही. तरी हवीच असेल तर रेक 13 मध्ये ऑर्डर-ओन्ली डिपेंडन्सी देता येते, ती वेळेच्या हिशेबात धरली जात नाही.

आता मूळ मुद्दा.

मेकफाईल ही मेकची स्वतःची छोटी भाषा आहे. रेकफाईल म्हणजे चक्क रुबी प्रोग्रॅम. वेगळा पार्सर नाही, काही नाही. टास्क, फाईल, रूल, नेमस्पेस ही साधी रुबी मेथड्सची नावं आहेत. रेक लिहिणारे जिम वाइरिक यांनी त्यामागची हकीकत लिहून ठेवली आहे. मेकफाईलमध्ये रुबी लिहिता आलं तर, अशा गप्पांतून ते निघालं, आणि हे लिहायचा आपला मुळीच इरादा नव्हता असं ते सुरुवातीलाच सांगतात. पुढे रुबी 1.9 पासून रेक रुबीबरोबरच यायला लागलं.

चक्क रुबी असल्यामुळे यॅमल दोन ओळींत वाचता येतं. त्याच कारणाने तुमची रेकफाईल दोन वेगवेगळ्या वेळी चालते, आणि हे फाईलकडे बघून कळत नाही. आधी ती वरपासून खालपर्यंत लोड होते. तेव्हा टास्कची नोंद होते, कोण कोणावर अवलंबून ते ठरतं, पण टास्कच्या ब्लॉकमधलं काहीही चालत नाही. मग रेक ग्राफ बघतं आणि लागतील तेवढे ब्लॉक चालवतं. ब्लॉकच्या बाहेरची प्रत्येक ओळ पहिल्या वेळेची, आतली दुसऱ्या वेळेची. रुबीच्या लेखी दोन्ही सारख्याच ओळी आहेत, ते तुम्हाला अडवणार नाही.

मग रेक -टी का रेंगाळतं? यादी दाखवायची तर रेकफाईल लोड करावी लागते, आणि लोड करताना तुमचं शब्दसंख्येचं पॅनडॉक तीस वेळा धावतं. यादी बघायची असो, एक फाईल पुसायची असो, टास्कचं नाव टाइप करताना चूक झालेली असो, ते तीस वेळा धावणारच. शब्दसंख्या एका छोट्या फाईलमध्ये लिहा, ती फाईल प्रकरणांवर अवलंबून ठेवा आणि मुखपृष्ठ त्या फाईलवर. मग प्रकरण बदलेल तेव्हाच मोजणी होईल.

आणि आकृत्या का गायब? बिल्ड फोल्डरमधलं ग्लॉब लोड होताना चाललं. तेव्हा फोल्डर रिकामं होतं. यादी रिकामी, म्हणून ईपबच्या डिपेंडन्सी रिकाम्या. दुसऱ्या वेळी मागच्या फेरीतल्या एसव्हीजी तिथे पडलेल्या होत्या, म्हणून सापडल्या. बनायच्या फाइल्सचं ग्लॉब कधीच करायचं नाही, मूळ फाइल्सचं करायचं. डॉट फाइल्सची फाईललिस्ट घ्या आणि पाथमॅपने तिच्यातून एसव्हीजीची नावं तयार करा. नावं आधी, फाइल्स नंतर. (फाईललिस्ट आळशी असते, गरज पडेपर्यंत डिस्क बघत नाही, हे कुठेतरी वाचून काहीजण निर्धास्त होतात. पण टास्कच्या व्याख्येसाठी तिच्यावर ईच लावलं की ती तिथल्या तिथे डिस्क बघते. त्या आळसावर विसंबू नका.)

स्पेसच्या नावांबद्दल: एसएचला एक लांबलचक स्ट्रिंग देऊ नका. कमांड आणि प्रत्येक आर्ग्युमेंट स्वल्पविरामाने वेगळं द्या. मग मध्ये शेल येतच नाही आणि स्पेस, कंस, अवतरणचिन्ह काहीही नावात असलं तरी फरक पडत नाही. मेकच्या बाकीच्या तक्रारींवर मेकमध्येच थोडेफार उपाय आहेत. ओळीगणिक वेगळं शेल नको असेल तर जीएनयू मेक 3.82 पासून वनशेल आहे. स्पेसवर मात्र नाही. तिथे यादी म्हणजेच स्पेसने तोडलेली स्ट्रिंग, ते त्याच्या हाडात आहे. टॅबचंही तसंच झालं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, रेसिपीची ओळ टॅबनेच सुरू करायची ही अट गैरसोयीची आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं, पण तोवर डझनभर वापरणारे झाले होते आणि त्यांच्या फाइल्स मोडायला नकोत म्हणून ती तशीच ठेवली. त्या डझनभर लोकांच्या सोयीचं ओझं आपण अजून वाहतोय.

@एकओळी, तुमचं म्हणणं मी सरसकट उडवून लावणार नाही. सगळं बिल्ड काही सेकंदांत होत असेल तर स्क्रिप्टच बरी. पण यांच्याकडे लाटेक आहे. एका स्वल्पविरामासाठी अख्खं पीडीएफ पुन्हा काढायला लागलं की लोक स्वल्पविराम दुरुस्त करायचे थांबतात.

---

अजगरप्रेमी

एसकॉन्सचं नाव निघालंय म्हणून त्याची बाजू मांडतो. तिथेही बिल्ड फाईल म्हणजे पूर्ण भाषा, फक्त पायथॉन. पण एक मोठा फरक आहे. एसकॉन्स वेळ बघत नाही, फाईलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) बघतं. गिटमध्ये ब्रँच बदलून परत आलात की बदललेल्या फाइल्सची वेळ 'आत्ता' होते, मजकूर तोच असला तरी. रेक आणि मेक दोघंही तिथे फसतात आणि सगळं परत बनवतात. एसकॉन्स हॅश बघून म्हणतं, काही बदललेलं नाही.

दुसरं, मधली फाईल पुन्हा बनली पण मजकूर तोच निघाला, तर पुढची साखळी तिथेच थांबते. तुम्ही डॉट फाईलमध्ये नुसती कॉमेंट टाकलीत आणि एसव्हीजी बाइट-न-बाइट तीच आली, तर पीडीएफला हात लागणार नाही.

तिसरं म्हणजे कमांडसुद्धा हिशेबात धरली जाते. पॅनडॉकचा एखादा पर्याय बदललात तर ज्या ज्या फाईलवर ती कमांड चालते त्या पुन्हा बनतात. रेकला हे कळत नाही. पर्याय बदलून रेक चालवलं की ते काहीही न बनवता शांतपणे परत येईल. आणि का बनवतोय हे विचारायचं असेल तर --डीबग=एक्सप्लेन आहे, ते वाक्यात कारण सांगतं.

गोडो गेम इंजिन आजही एसकॉन्सवर बनतं, त्यामुळे हे खेळणं नाही.

---

जुनी_टर्मिनल

@अजगरप्रेमी, तिन्ही मुद्दे मान्य, आणि कमांड बदलल्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. रेकमध्ये प्रत्येक टार्गेटला रेकफाईलवरच अवलंबून ठेवता येतं, पण मग कॉमेंट दुरुस्त केली तरी सगळं जग परत बनतं. मी पर्याय एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवते, पॅनडॉकची डिफॉल्ट्स फाईल म्हणून, आणि टार्गेट तिच्यावर अवलंबून ठेवते. चालतं, पण ते ठिगळ आहे हे मलाही दिसतं.

एसकॉन्सच्या दोन गोष्टी मात्र नव्या माणसाला आधी सांगायला हव्यात. ते तुमच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट घेत नाही. टर्मिनलमध्ये पॅनडॉक चालतंय आणि एसकॉन्सला सापडत नाही, असं हमखास होणार, कारण त्याचा पाथ वेगळा आहे आणि तुमचा तुम्ही सांगून द्यायचा असतो. हे मुद्दाम केलंय, एकाच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही असं होऊ नये म्हणून, आणि मला ते पटतं. पण पहिल्या दिवशी डोकं फिरतं. दुसरी गोष्ट, मोठ्या प्रकल्पात काहीच बदललेलं नसतानाही ते बराच वेळ विचार करत बसतं. तीस प्रकरणांना ते जाणवणार नाही.

आणि दोन वेळांचा घोळ तिथेही आहेच! एसकन्स्ट्रक्ट फाईल आधी पूर्ण वाचली जाते, बिल्ड नंतर सुरू होतं. त्या फाईलमध्ये प्रिंट लिहिलं की सगळे संदेश बिल्डच्या आधीच एकत्र छापले जातात, हे बघून गोंधळणारे मी पाहिलेत. ग्रेडल या बिल्ड टूलमध्येही कॉन्फिगरेशन आणि एक्झिक्यूशन असे टप्पे आहेत आणि तिथेही लोक टास्कच्या ब्लॉकमध्ये, पण डू-लास्टच्या बाहेर, काम लिहून ठेवतात, मग ते काम दर वेळी होतं. पायथॉन, ग्रूव्ही, कॉटलिन, रुबी, भाषा कोणतीही असो, बिल्ड टूल तिच्या पोटात राहायला आलं की हे आलंच.

---

कुंपणवाला

मग निष्कर्ष उघड आहे. पूर्ण भाषा देऊच नये. बेझेल या बिल्ड टूलची स्टारलार्क भाषा बघा: दिसायला पायथॉन, पण वाईल लूप नाही, रिकर्शन नाही, बिल्ड फाईलमधून वाटेल ती फाईल उघडता येत नाही. मेसनच्या भाषेतही मुद्दाम कपात केलेली आहे. निंजाने तर त्याहून पुढे जाऊन सांगितलं की आमची फाईल हाताने लिहायचीच नाही, दुसऱ्या टूलने तयार करायची. मोठे प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी अनुभवाने हे केलंय. बिल्ड फाईल ही माहिती असावी, प्रोग्रॅम नसावा.

---

जुनी_टर्मिनल

हजारो लोक एकाच रिपॉझिटरीत काम करत असतील तर मी तुमच्या बाजूने. तिथे कोणीतरी बिल्ड फाईलमधून नेटवर्कवर काहीतरी आणेल आणि ते कोणी केलं हे कोणालाच कळणार नाही. कुंपण हवं.

पण इथे तीस प्रकरणं आहेत आणि सांभाळणारा एक माणूस आहे. त्याला यॅमल वाचायचं आहे, प्रकरणातल्या चित्रांची नावं शोधायची आहेत, शब्द मोजायचे आहेत. कुंपणातल्या भाषेत यातलं काहीच सहज होत नाही. मग तो हे सगळं बाहेर एका स्क्रिप्टमध्ये लिहितो आणि बिल्ड फाईलमधून ती स्क्रिप्ट बोलावतो. म्हणजे प्रोग्रॅम राहिलाच, फक्त बिल्ड टूलच्या नजरेआड गेला. मेकफाईलमधली ती ऑक-सेडची वीण नेमकी अशीच जन्मते.

मला स्वतःला ज्या टूलने हा प्रश्न सगळ्यात नीट पाहिलेला वाटतो ते शेक. हास्केलमध्ये आहे, नील मिचेल यांनी लिहिलं, 2012 च्या आयसीएफपी परिषदेत त्यावर पेपर आहे. त्यात एक साधी वाटणारी गोष्ट आहे. फाईल बनवण्याच्या कामाच्या मध्येच तुम्ही 'नीड' म्हणून आणखी एखादी फाईल मागू शकता. म्हणजे आधी प्रकरण वाचायचं, त्यात कोणती चित्रं आहेत ते बघायचं, मग ती मागायची. शेक ती बनवून देतं आणि लक्षात ठेवतं की या प्रकरणाला मागच्या वेळी ही ही चित्रं लागली होती. पुढच्या वेळी त्यातलं एखादं बदललं तर प्रकरण पुन्हा बनवायचं हे त्याला माहीत असतं. मेकला, रेकला हे जमत नाही, त्यांना सगळी नाती काम सुरू व्हायच्या आधी हवीत. जीएचसी हा हास्केलचा कंपायलरच हॅड्रियन नावाच्या शेकवर उभ्या असलेल्या बिल्डने बनतो. यामागचा विचार वाचायचा असेल तर मॉखॉव्ह, मिचेल आणि पेटन जोन्स यांचा 2018 चा 'बिल्ड सिस्टिम्स आ ला कार्त' हा पेपर बघा. त्यात एक्सेललाही बिल्ड सिस्टिम म्हणून मांडलंय, आणि एकदा वाचलं की ते अगदी बरोबर वाटतं.

@कोरा_कागद, म्हणून हास्केल शिकायला बसा असं म्हणत नाही. पण रेकमधला एक सापळा यावरून कळेल. टास्कच्या ब्लॉकच्या आतून दुसरा टास्क इन्व्होक करता येतो. रुबी आहे, कोण अडवणार? तो चालतोही. पण ब्लॉक चालवायचा की नाही हा निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो. चित्र बदललं, प्रकरण बदललं नाही, तर रेक प्रकरणाचा ब्लॉकच उघडणार नाही, आणि आतलं इन्व्होक कोणाला दिसणारही नाही. भाषेला सगळं करता येतं, ग्राफला मात्र तुम्ही आधी सांगितलंय तेवढंच माहीत असतं. प्रकरणं लोड होतानाच वाचा, रेग्युलर एक्स्प्रेशनने चित्रांची नावं काढा आणि डिपेंडन्सीत घाला. मजकुराच्या तीस फाइल्स वाचणं म्हणजे काहीच नाही. लोड होताना नुसतं वाचायला माझी हरकत नाही. बाहेरची कमांड चालवायला आणि डिस्कवर लिहायला आहे.

---

कोरा_कागद

खूप आभार, ताई. 'तयारी' उडवली, डिरेक्टरी वापरली, आणि आता काही न बदलता रेक चालवलं की ते लगेच परत येतं. आकृत्यांची नावं डॉट फाइल्सवरून काढली, पहिल्याच फेरीत ईपब पूर्ण. रेक -टी झटकन येतंय.

दोन गोष्टी उरल्यात. काल लाटेक मध्येच कोसळलं आणि अर्धवट पीडीएफ राहिलं. पुढच्या वेळी रेकला ते ताजं वाटलं, त्याने हात लावला नाही, आणि तीच अर्धवट फाईल पुढे गेली. दुसरं म्हणजे वेळ वाचवायला रेक -एम चालवून पाहिलं, तर 'कॉन्फ्लिक्टिंग सीएचडीआयआर' अशी काहीतरी एरर येते. प्रत्येक प्रकरणासाठी सीडीचा (चालू फोल्डर बदलण्याचा) ब्लॉक वापरला आहे, कारण मार्कडाऊनमधले चित्रांचे पाथ त्या त्या फोल्डरच्या हिशेबाने आहेत.

---

एकओळी

स्क्रिप्ट असती तर अर्धवट पीडीएफ पुढच्या फेरीत आपोआप पुसलं गेलं असतं. एवढंच.

---

जुनी_टर्मिनल

@एकओळी, पुढची फेरी होईपर्यंत ते पुढे गेलेलंच असतं की हो.

अर्धवट फाईलबद्दल: रेकच्या दृष्टीने फाईल आहे आणि नवी आहे, विषय संपला. जीएनयू मेकमध्ये डिलीट-ऑन-एरर असं टार्गेट लिहून ठेवलं की अपयशी झालेलं टार्गेट पुसलं जातं (तेही आपोआप नाही, लिहावं लागतं, आणि बहुतेक मेकफाईलमध्ये ते नसतं). रेकमध्ये ही सोय आपण करायची. आउटपुट कधीही खऱ्या नावाने थेट लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाने लिहा, कमांड यशस्वी झाली की एमव्हीने खऱ्या नावावर आणा. कमांड मेली तर एसएच अपवाद फेकतं, पुढची एमव्हीची ओळ चालतच नाही, खरं नाव जुन्या स्थितीत राहतं. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे नाव बदलणं एका झटक्यात होतं. वेगळ्या डिस्कवर असेल तर ती कॉपी होते आणि मधेच तुटायची भीती परत आली. एक बारीक गोष्ट: पॅनडॉक एक्स्टेन्शनवरून फॉरमॅट ओळखतं, म्हणून 'टीएमपी' नावाच्या पुढे लावा, शेवटी नको.

अशी रॅपर मेथड एकदाच लिहा, टार्गेटचं नाव घेऊन ब्लॉकला तात्पुरतं नाव देणारी, आणि सगळीकडे वापरा. पूर्ण भाषा पोटात असल्याचा खरा फायदा मला इथे वाटतो. मेकमध्ये हीच गोष्ट प्रत्येक रेसिपीत परत परत लिहावी लागते.

-एमबद्दल: त्याने सगळे टास्क मल्टिटास्कसारखे वागतात, म्हणजे त्यांच्या डिपेंडन्सी वेगवेगळ्या थ्रेडमध्ये एकाच वेळी चालतात. पण चालू फोल्डर ही थ्रेडची नव्हे, अख्ख्या प्रोसेसची गोष्ट आहे. एका थ्रेडने सीडी केलं की सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. रुबीने निदान एरर दिली हे बरं, नाहीतर एका प्रकरणात दुसऱ्याची चित्रं आली असती आणि ते छापून झाल्यावर कळलं असतं. सीडीचे ब्लॉक काढून टाका. एसएचला शेवटी सीएचडीआयआर हा पर्याय देता येतो, तो फक्त त्या चाइल्ड प्रोसेसला लागू होतो. त्याहून सोपं म्हणजे पॅनडॉकच्या --रिसोर्स-पाथला त्या प्रकरणाचं फोल्डर द्या, मग फोल्डर बदलायचीच गरज नाही.

रुबीच्या थ्रेडना एका वेळी एकच चालण्याचं बंधन आहे, मग समांतर कसं होणार, असं कोणी विचारायच्या आधी सांगते: इथलं काम पॅनडॉक आणि लाटेक करतायत, ती वेगळी प्रोसेस आहे, रुबी नुसतं वाट बघत असतं. थ्रेडची संख्या मात्र -जेने आवरा, नाहीतर बरीच लाटेक एकदम सुटतील आणि मशीन मान टाकेल.

आणि -एम लावल्यावर एकदा बिल्ड फोल्डर पुसून चालवून बघा. एकामागोमाग चालताना नुसत्या क्रमाच्या कृपेने जमत असलेली, पण डिपेंडन्सीत न लिहिलेली नाती तेव्हाच उघडी पडतात. मुखपृष्ठ आणि शब्दसंख्येची फाईल यांच्यावर माझा पहिला संशय आहे.

---

कोरा_कागद

संशय बरोबर निघाला, मुखपृष्ठच होतं. शब्दसंख्येची फाईल त्याच्या डिपेंडन्सीत नव्हती, नुसती डिफॉल्टच्या यादीत त्याच्या आधी होती. आता लिहिली. --रिसोर्स-पाथने सीडी सगळीकडून गेलं, आणि -जे 4 वर नीट चालतंय. तात्पुरत्या नावाची मेथडही लिहिली. पर्याय डिफॉल्ट्स फाईलमध्ये हलवायचं काम तेवढं राहिलंय.